गृहभेटीला कोण जाणार?

बालकल्याण समितीपुढे मूल आलं की निघणाऱ्या पहिल्याच आदेशात बहुधा एक गोष्ट असते : घरी जाऊन चौकशी करा आणि सामाजिक तपासणी अहवाल द्या. 2015 च्या बाल न्याय कायद्याने या चौकशीला 15 दिवस दिले आहेत आणि अंतिम आदेशाला चार महिने. आदेश टाइप करायला दोन मिनिटं लागतात. त्यापुढचं काम टाइप करून होत नाही. कुणीतरी सकाळची एसटी पकडायची, फाट्यावर उतरून वस्ती विचारत जायचं, ज्यांनी बोलावलेलं नाही त्यांच्या ओसरीवर बसायचं. दिलेला चहा घ्यायचा. रेशनकार्डावरची नावं आणि घरात दिसणारी माणसं जुळतात का ते पाहायचं. शेजारीण दारापर्यंत येऊन परत का फिरली, याची मनात नोंद करायची. मुलाला आईकडे पाठवायचं की बालगृहात ठेवायचं, मामाच्या हवाली करायचं की दत्तकासाठी मोकळं करायचं, हे पुष्कळदा त्या तासाभरात ठरतं.

आपल्याकडे मुलांच्या सुरक्षेवर बोलणं होतं ते कायद्याबद्दल, शिक्षेबद्दल आणि फार झालं तर फाशीबद्दल. ओसरीवर बसणाऱ्या माणसाबद्दल नाही. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला. ती चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि राज्यभर संताप उसळला. संताप योग्यच होता. पण या मंडळात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांच्यासमोर परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल यायचा असतो. तो अहवाल कोण लिहितं, एका वेळी अशी किती प्रकरणं त्या माणसाच्या टेबलावर असतात, हे त्या आठवड्यांत फारसं कुणी विचारलं नाही. निबंध मात्र विनोदाला पुरला.

समजा, सोलापूर स्थानकावर रेल्वे पोलिसांना बारा वर्षांचा एक मुलगा एकटा सापडला. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे आणायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे, महिन्यातून किमान 20 दिवस बसायचं असा नियम. मुलगा पहिल्या दिवशी सांगतो, बाप दारू पिऊन मारतो. दुसऱ्या दिवशी सांगतो, बाप नाहीच. तिसऱ्या दिवशी बोलतच नाही. यातलं खरं काय ते कळायला कुणीतरी एकाच माणसाने त्याच्याजवळ रोज बसावं लागतं, तेही कागद बाजूला ठेवून. प्रत्यक्षात रेल्वे पोलीस विचारतात, हेल्पलाइनवरून आलेली ताई विचारते, समितीचे सदस्य विचारतात, बालगृहाच्या अधीक्षकांना रजिस्टर भरायचं असतं म्हणून ते विचारतात, समुपदेशक पहिल्यापासून सुरुवात करतात. सगळे चांगल्या हेतूनेच विचारतात. मूलही बेरकी होतं. कोणतं उत्तर दिलं की मोठी माणसं लवकर थांबतात, हे चौथ्या-पाचव्या वेळेला त्याला पाठ झालेलं असतं आणि तेच उत्तर मग अहवालात उतरतं.

कागदावर ही यंत्रणा भक्कम आहे. केंद्राने 2009-10 च्या सुमारास एकात्मिक बाल संरक्षण योजना आणली, तिचंच आजचं रूप म्हणजे मिशन वात्सल्य. खर्चाचा वाटा केंद्राचा 60 टक्के, राज्याचा 40. प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष. त्यात जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, दोन संरक्षण अधिकारी (एक संस्थांमधल्या मुलांसाठी, एक संस्थेबाहेरच्या), विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, दोन सामाजिक कार्यकर्ते, लेखापाल, माहिती विश्लेषक, डेटा एंट्रीवाला आणि दोन आउटरीच वर्कर. या यादीत गावोगाव जाण्यासाठीच नेमलेली माणसं दोन. पूर्ण जिल्ह्याला दोन. गडचिरोलीत सिरोंच्याहून जिल्ह्याचं ठिकाण सुमारे 200 किलोमीटर आहे.

मिशन वात्सल्यच्या मार्गदर्शक सूचनांत मानधनाचे आकडे दिले आहेत. संरक्षण अधिकाऱ्याला महिना 27,804 रुपये. सामाजिक कार्यकर्ता आणि समुपदेशकाला 18,536. आउटरीच वर्करला 10,592. शेवटच्या दोन रुपयांपर्यंत हिशेब चोख आहे. ज्याने सगळ्यात जास्त फिरायचं, ज्याला दारात सर्वांत आधी शिव्या बसायच्या, बालविवाह थांबवायला मांडवात ज्याने शिरायचं, तो या उतरंडीत सर्वांत खाली. नेमणुका बहुतेक कंत्राटी. 11 महिने, मग खंड, मग नवा आदेश ही सरकारी कंत्राटाची सर्वत्र चालणारी रीत इथेही आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेला मुलगा किंवा मुलगी अशा जागेवर का टिकेल? टिकत नाही. वर्ष-दोन वर्षांत स्पर्धा परीक्षा निघते, नाहीतर एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात जागा मिळते, नाहीतर लग्न होऊन गाव बदलतं. त्या माणसाबरोबर काय जातं याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते. अमुक मुलीचा काका समोर गोड बोलतो पण त्याच्याकडे तिला पाठवू नये, अमुक गावात सरपंचाऐवजी पोलीस पाटलाला फोन करावा, अमुक मुलगा खोटं बोलतो तेव्हा नखं खातो. नवा माणूस येतो, फाइल उघडतो आणि मुलाला पहिला प्रश्न विचारतो : तुझं नाव काय?

माझ्या मते सगळी गोष्ट या एका ठिकाणी अडलेली आहे. माणूस टिकला पाहिजे. भवनं, पोर्टलं, कार्यशाळा सगळं त्यानंतर.

यावर प्रशिक्षणाचं उत्तर पटकन दिलं जातं. 2020 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत ‘संवाद’ नावाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. मुलांबरोबर काम करणाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या अंगाने तयार करणं हे त्याचं काम, आणि ते गंभीरपणे चालतं. पण अत्याचार झालेल्या सात वर्षांच्या मुलीशी कसं बोलावं हे शिकून आलेल्या बाईचा करार पुढच्या मार्चमध्ये नूतनीकरणासाठी अडकला तर ते शिक्षण कुठे जातं? प्रशिक्षण घेतलेल्यांची यादी तेवढी वाढत राहते.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. दिवसभर अशी प्रकरणं ऐकणाऱ्याने संध्याकाळी ती कुणाकडे उतरवायची? मानसोपचारात काम करणाऱ्यांना वरिष्ठांबरोबर बसून आपल्या केसेस बोलायची सवय लावलेली असते. बाल संरक्षण कक्षात वरिष्ठांबरोबरची बैठक म्हणजे आढावा : किती अर्ज आले, किती निकाली, किती प्रलंबित. आतून तुटलेला कार्यकर्ता या तक्त्यात कुठेच दिसत नाही. एक दिवस तो मुलांशी तुटकपणे बोलायला लागतो आणि आपण त्याला ‘सरकारी माणूस’ म्हणून मोकळे होतो.

बालसंगोपन योजनेचा हिशेब या बाबतीत बोलका आहे. आई किंवा वडील नाहीत, किंवा असूनही सांभाळू शकत नाहीत, अशा मुलांना संस्थेत न टाकता स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरी वाढू द्यावं आणि त्या घराला महिना काही पैसे द्यावेत, अशी ही महाराष्ट्राची योजना. कल्पना उत्तम, आणि मूल घरात वाढावं या विचारात आपण देशातल्या बऱ्याच राज्यांच्या पुढे होतो. मुलामागे पूर्वी महिना 425 रुपये मिळत. 2021 मध्ये ते 1,100 झाले, 2023 मध्ये 2,250. योजनेचं नावही बदलून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं लावलं. या रकमेबरोबर संस्थेलाही काही मिळतं, कारण घरी जाऊन मूल खरंच तिथे आहे ना, शाळेत जातं ना, पैसे त्याच्यावरच खर्च होतात ना, हे पाहणं संस्थेचं काम. 425 च्या काळात त्यासाठी दर मुलामागे महिना 75 रुपये होते. आता 250 आहेत. एका गृहभेटीची राज्याने केलेली किंमत ही. एसटीचं तिकीट निघतं, बाकी सगळं सेवाभावात धरलेलं आहे.

करोनाने या योजनेची खरी परीक्षा घेतली. मे 2021 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दलं नेमली गेली. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने 5 लाखांची मुदतठेव ठेवली, केंद्राने पीएम केअर्समधून 10 लाखांची योजना आणली. एक पालक गेलेली मुलं संख्येने कितीतरी जास्त, आणि त्यांच्यासाठी बालसंगोपनाचे अर्ज ढिगाने येऊ लागले. हेरंब कुलकर्णींसारख्या कार्यकर्त्यांनी करोनात विधवा झालेल्या बायकांसाठी तालुक्या-तालुक्यात माणसं जोडली, फॉर्म भरून घेतले, पाठपुरावा केला. पण प्रत्येक अर्जामागे चौकशी, चौकशीमागे समितीचा आदेश, आदेशामागे दरवर्षी पुन्हा तपासणी. अर्ज वाढले, फिरणारी माणसं तेवढीच राहिली. गृहभेटी टेबलावर भरल्या गेल्या असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तसं करणाऱ्याला दोष द्यायलाही माझी जीभ रेटत नाही.

संस्था काढणं महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. पंढरपुरात 1875 मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू झाला, तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने. मद्रास आणि बंगालच्या मागोमाग मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा 1924 मध्ये आला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी. डोंगरीचं बालगृह ज्या वास्तूत उभं राहिलं तो मूळचा तुरुंग. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले ते तिथेच. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं म्हणून मराठी माणसाला तो तुरुंग ठाऊक आहे. त्याच भिंतींआड नंतर वाढलेल्या मुलांबद्दल आपल्याला जवळपास काहीच ठाऊक नाही.

संस्थेची वास्तू, संस्थापकांचा फोटो आणि देणगीदारांचा संगमरवरी फलक यांना आपल्याकडे मान आहे. रात्रपाळीला मुलांजवळ झोपणारी काळजीवाहक मावशी, दहा गावं फिरणारा कार्यकर्ता यांना नाही. समाजसेवा ही कुणीतरी मोठ्या मनाने करायची गोष्ट, त्यात पगार-रजा-पेन्शन काढणं बरं दिसत नाही, हा आपला जुना समज. या समजाचा सर्वांत मोठा लाभार्थी सरकार आहे.

गंमत म्हणजे हे काम पगारी आणि शिकून करायचं आहे, हा विचार देशात रुजला तो मुंबईतच. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटांच्या पैशाने 1936 मध्ये तिथे समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली, तीच पुढे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. दुसऱ्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. नंतर मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आल्या आणि हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यात समाजकार्य महाविद्यालयं झाली. म्हणजे शिकलेली माणसं नाहीत ही सबब महाराष्ट्राला शोभणारी नाही. नाही ती व्यवसायाची चौकट. डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना, परिचारिकांनाही आहे. मुलाला घरातून काढायचं की घरी पाठवायचं याची शिफारस करणाऱ्याची कुठे नोंदणी नाही, परवाना नाही, त्याने आचारसंहिता मोडली तर जाब विचारणारं मंडळ नाही. 2021 मध्ये आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात वैद्यकीय आणि मनोरुग्णालयीन सामाजिक कार्यकर्ते आले. बालकल्याणातले बाहेरच राहिले.

मुलांसाठीच्या 1098 या हेल्पलाइनची कथाही याच अंगाने वाचावी. 1996 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी हा फोन सुरू केला आणि पुढे तो देशभर गेला, स्थानिक संस्थांच्या आधाराने. त्या संस्थांची माणसं स्थानकातल्या हमालांना, चहावाल्यांना, फलाटावर राहणाऱ्या पोरांना नावाने ओळखायची. 2023 पासून हे काम राज्यांच्या महिला व बालविकास खात्याकडे आलं आणि हेल्पलाइन 112 या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. सरकारने जबाबदारी घेतली हे योग्यच, मुलांचं रक्षण हे देणग्यांवर चालवायचं काम नव्हेच. पण संस्थांची माणसं बाहेर पडली तिथे ती ओळखही त्यांच्याबरोबर गेली. नवी यंत्रणा फोन उचलते, गाडी पाठवते. फलाटावर कोणतं पोर आज नवीन दिसतंय, हे हमालाने येऊन सांगावं असं नातं जमायला काही वर्षं जातील, तीही माणसं तीच राहिली तर.

नातं नसलं की काय होतं, याची फार कडू आठवण राज्याजवळ आहे. पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर होणारे अत्याचार 2011 मध्ये बाहेर आले ते उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या भेटीमुळे. त्याआधी मुलींजवळ बसून, त्यांचे अर्धे शब्द आणि हातवारे समजून घेत, घाई न करता ऐकणारं कुणी तिथे पोहोचलं नव्हतं.

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याखालच्या प्रकरणांत या गरजेची दखल कायद्याने घेतली आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती पीडित मुलाला साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत एकच माणूस सोबत. तारीख पुढे गेली तर का गेली, नुकसानभरपाईचा अर्ज कुठे अडला, हे त्याने सांगायचं. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल राज्यांना सविस्तर निर्देश दिले. मोबदला किती? किमान वेतन कायद्यात कुशल कामगाराला जो दर, त्यापेक्षा कमी नाही, एवढंच नियम म्हणतो. गवंड्याच्या बरोबरीचा हा दर मला अपमानकारक वाटत नाही, गवंड्याचं काम सोपं नसतं. पण गवंड्याला शनिवारी हातात पैसे मिळतात. नेमणुकांचंही तेच. त्याआधी 2018 मध्ये संपूर्णा बेहुरा यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेवर न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांनी समित्या, मंडळं आणि परिविक्षा अधिकारी यांच्या रिकाम्या जागा भरा असं स्पष्ट सांगितलं होतं. समितीची मुदत तीन वर्षांची, ती कधी संपणार हे नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असतं. तरी निवड लांबते, शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे कार्यभार जातो आणि मुलाला घेऊन दीडशे किलोमीटर जाण्याची वेळ बालगृहाच्या मावशीवर येते.

आणि गृहभेटीला गेल्यावर घरच बंद असेल तर? दरवर्षी बीड, धाराशिव, जालना, परभणीतून ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. दिवाळी झाली की ऊसतोड. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली की प्रश्न पडतो : तिला गावात म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायचं की फडावर न्यायचं? तिसरा मार्ग लग्नाचा. लग्न झालं की चिंता मिटते आणि नवा कोयताही उभा राहतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के निघालं, बीडमध्ये 44 च्या जवळपास आणि परभणीत 48. लातूर-कोल्हापूरच्या साखरेत हे आकडे विरघळलेले असतात.

कायद्याने गावात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केलं आहे. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. सेविकेजवळ आधीच पोषण आहाराची नोंद, लसीकरण, सर्वेक्षणं, मोबाइलमधली ॲपं. आणि ती त्याच गावात राहते. शेजारच्या घरातलं लग्न मोडून उद्या त्याच नळावर पाणी भरायला तिलाच जायचंय. डिसेंबर 2023 मध्ये मानधन आणि दर्जासाठी राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तो संप महिनाभराहून जास्त चालला. तेव्हा पोषण आहार बंद पडल्याची चर्चा झाली. बालसंरक्षणाची गावातली एक खुर्ची रिकामी होती, याची झाली नाही.

आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सहा महिने हे गाव असतंच कुठे? मूल बीडच्या पटावर, राहतं सांगलीतल्या किंवा बेळगावातल्या फडावर, कोपीत. तिथल्या सरपंचाच्या हिशेबी ते गावचं नाही, इथल्या सेविकेच्या हिशेबी ते गावात नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली आहे, शाळेचं हमी कार्ड आहे, स्थलांतरितांच्या नोंदीसाठी ॲपही केलं आहे. सगळ्यात मूल नोंदवलं जातं. फडावर मार खाल्लेली, शाळा सुटलेली किंवा पोटुशी पंधरा वर्षांची मुलगी सापडली तर त्या जिल्ह्याची समिती तिला ताब्यात घेते आणि प्रकरण घरच्या जिल्ह्याकडे पाठवते. घर बंद असतं, दाराला कुलूप आणि गृहभेटीच्या अहवालात शेरा : कुटुंब स्थलांतरित.

कुटुंबांबरोबर फिरणारे काही कार्यकर्ते नेमता येतील. बीडच्याच कक्षाचे, पण नोव्हेंबर ते एप्रिल मुक्काम कारखान्याच्या गावी, दोन्ही जिल्ह्यांच्या समित्यांपुढे अहवाल देण्याचा अधिकार असलेले. साखर आयुक्तालयाकडे कारखान्यांची यादी आहे, कारखान्यांकडे टोळ्यांची, मुकादमांकडे माणसांची. ही यादी घेऊन फिरणाऱ्याला महिना 10,592 रुपयांत हे करायला सांगू नये. आणि त्याचा करार आर्थिक वर्षाबरोबर 31 मार्चला संपवू नये. ट्रॅक्टर परत येतात ते एप्रिलमध्ये.